हाफ तिकिटाची रोपं

आदिलाबादेत थंडी पडते म्हटलं की पुण्या-मुंबईकडची माणसं हसतात. त्यांच्या डोक्यात आंध्र म्हणजे समुद्र, इडली आणि घाम. माझा एक भाचा आमच्याकडच्या लग्नाला स्वेटरशिवाय आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीपुढून उठेचना. वऱ्हाड निघालं तरी हा आपला हात शेकत बसलेला. आमच्याकडे पौषात सकाळी हौदातल्या पाण्यात हात घातला की हात आपला राहत नाही. पण माणूस बोलून तरी दाखवतो, शेकोटी करतो, चहा मागतो. रोप बोलत नाही. ते मुकाट्यानं थंडी खातं आणि दोन दिवसांनी पानं टाकून देतं. मग लोक म्हणतात, बाईनं मेलेलं रोप दिलं.

ती बाई मी. बोथच्या फाट्याजवळ आमची रोपवाटिका होती, म्हणजे आहे, आता सून बघते. तेलुगूत रोपाला मोक्का म्हणतात, म्हणून तिकडची माणसं मला मोक्कलम्मा म्हणायची, रोपांची आई. आपल्या मराठी माणसांनी एवढं मानाचं नाव कधी दिलं नाही. त्यांच्यासाठी मी रोपवाली बाई. या अंकवाल्या ताईंनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला लिहिता येत नाही, बोलता येतं. त्या म्हणाल्या, मग बोलता तसंच लिहा. आता भोगा.

शिकले कुठं म्हणाल, तर मातीत. आई शेतमजूर. हंगाम नसला की ती सरकारी रोपवाटिकेत काळ्या पिशव्या भरायला जायची आणि मी तिच्या मागं मागं. पिशवी दाबून भरली तर मूळ गुदमरतं, सैल भरली तर पाणी साचतं, हे मला अक्षरांच्या आधी कळलं. लग्न झालं ते शाळामास्तरांशी. त्यांना वाटलं, बायको घरी बसेल. मी घरी बसलेच. फक्त अंगणात बसले, आणि अंगण वाढत वाढत फाट्यापर्यंत गेलं.

रोप वाढवणं सोपं आहे हो. पाठवणं अवघड. त्यातून थंडीत पाठवणं म्हणजे बाळंतिणीला बैलगाडीतून नेण्यासारखं. लोकांना वाटतं, थंडी रोपाला मारते. थंडी कमी मारते, वारा जास्त मारतो, आणि सगळ्यात जास्त मारतं ते आपलं प्रेम. लेक सासरी निघाली की आई तिला पोटभर जेवू घालते ना, तसं निघता निघता लोक रोपाला तांब्याभर पाणी पाजतात. ती ओली माती वाटेत बर्फासारखी गार होते आणि मुळं आखडून बसतात. मी पाणी दोन दिवस आधीच द्यायची. निघताना माती हाताला ओलसर लागली पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. मग पानं वर उचलून सुतळीनं सैल बांधायची, न्हालेल्या केसांचा अंबाडा घालतो तशी. त्यावर कागद. कागदाला आमच्याकडे तोटा नव्हता, मास्तरांच्या शाळेतले जुने पेपर होते. तिसरीचं गणित अंगावर गुंडाळून माझी रोपं निजामाबादपर्यंत गेलेली आहेत. कागदावर तरट, आणि तरटाच्या आत जिनिंगमधून आणलेला रुईचा कचरा. कापसाच्या मुलखात राहून रोपाला गोधडी मिळू नये, हे मला पटत नव्हतं.

गाडीत तळाला धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, पसरायचं आणि रोपं एकमेकांना चिकटून उभी करायची. माणसं शेकोटीला बसतात तशी, अंगाला अंग लावून. गाडी उन्हं वर आल्यावर सुटायला हवी. आणि पोचल्यावर घेणाऱ्यानं काय करायचं? काही नाही. हेच तर कोणाला जमत नाही. सावलीत, वारा लागणार नाही असं, बांधलेलं तसंच एक रात्र ठेवायचं. ऊन दाखवायचं नाही, पाणी घालायचं नाही. गारठलेल्या रोपाला एकदम गरम तर काहीच द्यायचं नाही, त्याला हळूहळू शुद्धीवर येऊ द्यायचं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. सगळे मान हलवायचे.

गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुना. तहसील कचेरीतले एक पेशकार दर हिवाळ्यात यायचे, गळ्यापर्यंत कोट लावून.

"बाई, इतकी थंडी पडून राह्यली, तं सफरचंदाचं झाड काऊन ठेवत नाई तुमी?"

"साहेब, थंडी दोन महिने. बाकीचे दहा महिने आपन चुलीत राह्यतो. थे दहा महिने सफरचंद कुठं ठेवता?"

"कचेरीत ठेवीन. तिथं सारं गारच असते. कागदबी हालत नाई."

शेवटी ते बोराचं कलम घेऊन गेले. पुढं त्याला मोठाली बोरं लागली तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाला "हे आपल्या इकडचं सफरचंद" म्हणून बशीत कापून द्यायचे. कापून! बोर!

पण ज्याच्यासाठी मी लिहायला बसले, तो राजय्या.

राजय्या मंचेरियलच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत बागकाम करायचा. माळी म्हणायचं, पण कागदावर रोजंदारीचा गडी. खाणीत तेव्हा माणसांच्या दोनच जाती, एक पर्मनंट आणि दुसरी "उद्या बघू". पर्मनंट झालात की क्वार्टर, दवाखाना, म्हातारपणाची सोय. नाही झालात तर रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, आत घेतलं तर काम, नाही तर घरी. राजय्या कित्येक वर्षं त्या फाटकाशी उभा होता. वसाहतीच्या मागं एका खोलीत तो, बायको, लेकरं आणि आई पोचव्वा असे राहायचे. तेलुगूत म्हातारीला अव्वा म्हणतात. ही अव्वा वसाहतीतली बाळंतपणं करायची, त्यामुळे अर्धी वसाहत तिच्या हातावर जन्मलेली.

एका हिवाळ्यात राजय्या आला तो धावतच. हिंदी-तेलुगू-मराठी असं सगळं एकत्र करून बोलायचा.

"अम्मा, क्रोटन होना. बगीचा भरके होना."

"या थंडीत? उगादीले ये बावा. उन्हं येऊ दे."

"उगादी को मैं बुड्ढा हो जाता, अम्मा."

उगादी म्हणजे आपला गुढीपाडवा. मग त्यानं सगळं सांगितलं. वसाहतीत नवा बगीचा केला होता आणि संक्रांतीच्या आधी वरून मोठे साहेब बघायला येणार होते. वसाहतीच्या साहेबांनी राजय्याला सांगून टाकलं होतं: बगीचा त्यांच्या डोळ्यात भरला तर तुझं नाव पर्मनंटला पुढं करतो. पुढच्या वर्षी तुझी उमर निघून जाईल, मग माझ्या हातात काही नाही. बगीच्यात हिरवळ होती, विटांच्या कडा होत्या, चुना मारलेले दगडही होते. रंग नव्हता. आणि पौषात रंग देणारं, पानांतच लाल-पिवळं असणारं झाड म्हणजे क्रोटन. तेच नेमकं थंडीला सगळ्यात भित्रं.

मी बांधलं, जीव लावून बांधलं. कोळसा घेऊन आदिलाबादकडे आलेला एक लॉरीवाला रिकामा परत चालला होता. त्याची लॉरी धुऊन घेतली, तणीस पसरलं, वर ताडपत्री ओढली. राजय्याला पढवलं, "काही करू नको. सावलीत ठेव, अन् काहीच करू नको."

"हौ अम्मा. कुच नै करता."

आणि त्यानं खरंच काही केलं नाही. केलं ते पोचव्वानं.

दोन-तीन दिवसांत राजय्या बोथच्या बसनं परत आला. खांद्यावरचा टॉवेल उलगडून त्यानं माझ्यापुढं धरला. आत पानं, लाल, पिवळी, ठिपक्यांची, टॉवेलभर पानं.

"पूरे झड गए, अम्मा. हात लगाए तो गिरते."

झालं होतं असं. वारा लागू नये म्हणून राजय्यानं रोपं बगीच्यात न ठेवता आपल्या खोलीत ठेवली. इथपर्यंत शहाणपणा. संध्याकाळी पोचव्वानं त्यांच्या पानांना हात लावून पाहिला. गार! जन्मभर जिनं बाळ-बाळंतिणीला शेक दिला, ती गार पडलेलं लेकरू कसं बघेल? कोळशाच्या गावात कोळसा फुकटच्या भावानं. तिनं शेगडी चांगली भरली, फुलवली, रोपांच्या मधोमध ठेवली, वर ओव्याची धुरी दिली आणि दार लावून घेतलं. घरची माणसं सगळी बाहेर ओसरीत कुडकुडत झोपली. रोपं बाळंतिणीसारखी आत. सकाळी दार उघडलं तर खोलीभर पानांचा सडा.

कोळशाच्या धुरात असं काहीतरी असतं की झाडाला वाटतं, आपलं वय झालं. मग ते पानं सोडतं. हे मला पुढं शेती शिकणाऱ्या एका पोरीनं सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की राजय्या आमच्या अंगणात बसलाय आणि चहाचा कप तसाच गार होतोय.

मी त्या पानांबरोबर त्यानं आणलेली एक बोडकी काडी घेतली, नखानं साल खरवडली. आत हिरवं.

"राजय्या, पाह्य इकडं. मेली नाईत. झोपली हायेत. फेकू नको एकबी. उगादीपर्यंत फुटतीन."

"बडे साहब परसों आते, अम्मा. उगादी को नै आते."

त्याचंही बरोबर होतं. परवा येणाऱ्या साहेबाला काड्या दाखवून "झोपल्या आहेत" कसं सांगणार? विकायची क्रोटनं तर माझ्याकडे उरली नव्हती, सगळी त्याच लॉरीतून गेलेली. उरल्या होत्या फक्त आया.

आया म्हणजे काय ते सांगते. रोपवाटिकेत काही झाडं विकायची नसतात. त्यांच्या फांद्या कापून नवी रोपं करायची, म्हणून त्या आया. पुढचा अख्खा हंगाम त्यांच्या अंगावर असतो. माझ्याकडे क्रोटनच्या वीसेक आया होत्या, गुडघाभर उंच, गडद लाल, कुंड्यांत, भिंतीच्या उबेला. मी उठले आणि एकेक कुंडी ठोकून मुळांचा मातीसकट गड्डा मोकळा करायला लागले.

मास्तर पेपर तपासत होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, "आया विकून राह्यली?"

"विकत नाई. पाव्हनी पाठवून राह्यली. साहेब गेला की वापस."

"अन् वाटंत मेल्या तं?"

"तं तुमचा पगार हायच."

मास्तरांनी तपासलेले पेपर तेवढे माझ्याकडे सरकवले, गुंडाळायला.

लॉरी काही मिळाली नाही. सकाळची मंचेरियलची बस होती. कंडक्टर लिंगन्ना आमच्या ओळखीचा, कारण रस्त्यावरच्या सगळ्यांच्याच ओळखीचा. गळ्यात हिरवा विणलेला मफलर, तो मे महिन्यातच काय तो काढायचा. तरटात बांधलेल्या वीस गाठोड्यांकडे बघून तो म्हणाला, "मोक्कलम्मा, टपावर टाका."

"टपावर नाई जमत लिंगन्ना. निर्मळच्या घाटातला वारा लागला की खल्लास."

"आत मानसाले जागा नाई. तुमाले झाडाले देऊ?"

"दे ना. तिकीट काढते मी त्याइचं."

"किती टिकट? वीस?"

"लहान हायेत थे. हाफ काढ."

बसमध्ये हशा पिकला. लिंगन्ना हसला नाही. तो तिकिटाच्या बाबतीत कधी हसायचा नाही. पण टपाची शिडीही त्यानं दाखवली नाही. "रस्त्यात ठेवायचं नाई," एवढं म्हणाला आणि पुढं गेला. रस्त्यात म्हणजे दोन बाकांमधल्या वाटेत. आता रस्त्यात नाही आणि टपावर नाही, तर ठेवायचं कुठं?

त्या बसची अर्धी तावदानं खिळखिळी, अर्धी नव्हतीच. मी एक गाठोडं मांडीवर घेतलं, पदराखाली झाकलं. राजय्यानं दोन घेतली. उरलेली दाराशी. शेजारच्या बाकावर जैनथकडची एक आजी घोंगडी पांघरून बसली होती, लेकीला भेटायला मंचेरियलला चाललेली. ती बराच वेळ बघत होती.

"काय वं बाई, लेकरू हाय काय त्याच्यात?"

"लेकरूच समजा आजी. थंडी लागली तं मरते."

"मंग आन इकडं. माह्या घोंगडीत एक मावते."

आणि बघा, एवढंच पुरलं. एकानं घेतलं की दुसऱ्याला हात आखडता येत नाही. बाळ घेऊन बसलेल्या एका बाईनं एका कुशीत बाळ आणि दुसऱ्या कुशीत क्रोटन घेतलं. खाणीत नोकरी शोधायला चाललेली दोन पोरं एका चादरीत होती, त्यांनी मध्ये दोन रोपं बसवली. मास्तरांना ओळखणारे एक क्लार्क होते. "जयभीम वहिनी" म्हणाले आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले.

आजी त्यांना म्हणाली, "ओ साहेब, तुमचा कोट मोठा हाय, घ्या ना एक."

"कोट नवा हाय आजी. माती लागते."

"कागद गुंडाळला हाय त्याले. वाचत बसा."

क्लार्कनं गाठोडं घेतलं आणि खरंच वाचायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "वहिनी, या पोराचा भागाकार चुकला हाय."

"म्हनून तं त्याले थंडीत बाहेर काढलं."

घाट लागला. त्या दिवशी धुकं असं होतं की ड्रायव्हर डोकं बाहेर काढून रस्ता बघत होता. वारा सुया टोचल्यासारखा आत येत होता. सगळे आपापल्या पांघरुणात शिरलेले आणि प्रत्येकाच्या पांघरुणातून सुतळीनं बांधलेला एक एक लाल शेंडा वर आलेला. लिंगन्ना तिकिटं फाडत मागं आला, सगळ्यांकडे बघितलं आणि तेलुगूत म्हणाला, आज बसमध्ये सीट आहेत तेवढ्यांच्या दुप्पट माणसं आहेत, वर कळवावं लागेल. मग एका गाठोड्याकडे बोट करून विचारलं, "याचं टिकट झालं?"

"माह्या मांडीवर हाय थे," आजी म्हणाली. "मांडीवरल्याचं टिकट नसते. सरकारचाच कायदा हाय."

मंचेरियलला उतरताना मी दाराशी उभी राहून एकेक रोप परत घेत होते. माणसं सहज देत नव्हती. आजी म्हणाली, "माह्या अंगाची ऊब खाल्ली त्यानं, एक पान तरी दे." दिलं. क्लार्कच्या कोटाला माती लागलीच होती. ते झटकता झटकता म्हणाले, "जगलं की मास्तराले सांगा."

मोजली तर एक कमी.

कोणाकडं होतं ते राजय्याला आठवलं. घोंगडीतला एक शेतकरी वाटेत लक्षेट्टीपेटला उतरला होता, अर्धवट झोपेतच. लिंगन्नानं "दिगंडी, दिगंडी" म्हणून उठवलं तसा तो घोंगडीसकट उतरला, आणि घोंगडीत क्रोटन.

बगीच्याच्या फाटकापासून गोल वाटेच्या कडेनं खड्डे काढून ठेवले होते. गड्डे तसेच खड्ड्यांत बसवले. भिंतीची ऊब, वर रात्रीपुरता जुन्या साड्यांचा आडोसा. नेमका फाटकाजवळचा खड्डा रिकामा. साहेब आत पाऊल टाकणार ते त्या खड्ड्यापाशी. राजय्या त्या खड्ड्याकडे असा बघत होता की त्यातच त्याची नोकरी पडली आहे.

पोचव्वा दिवसभर माझ्यासमोर आली नाही. मी ओसरीत भाकरी खायला बसले तेव्हा शेगडी पदराआड लपवून आतून बाहेर चालली होती. मी विचारलं, "अव्वा, शेगडी कुठं?" ती म्हणाली, "शेजारणीकडं ठेवते. घरात असली की हात गप्प राहत नाहीत." म्हातारीचे डोळे भरलेले. तिनं अर्ध्या वसाहतीला ऊब देऊन जगवलं होतं आणि स्वतःच्या लेकाची नोकरी त्याच उबेनं जाळली, असं तिला वाटत होतं. मी तिला त्या झोपलेल्या काड्यांपाशी नेलं, एकीची साल खरवडून हिरवं दाखवलं. तिनं स्वतःच्या नखानं दुसरीची खरवडली. मग तिसरीची. मग मला तिचा हात धरावा लागला, नाही तर बाईनं सगळ्या सोलल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांची वाट बघणं सुरू झालं. मोठी माणसं उशिरा येतात, ही एक चांगली गोष्ट आहे. सकाळचे येणार होते, दुपारपर्यंत आले नाहीत. तोवर बोथची बस आली. आणि तिच्यातून उतरून लिंगन्ना भराभर चालत वसाहतीकडे आला. काखेत क्रोटन.

तो शेतकरी घरी जाऊन घोंगडी झटकायला गेला तेव्हा त्याला कळलं. मग परतीच्या बसची वाट बघत रस्त्यावर उभा राहिला, लेकराला धरून उभं राहावं तसा, आणि गाडी थांबवून लिंगन्नाच्या हातात देऊन म्हणाला, त्या बाईला द्या, तिचं वाटेत हरवलं. लिंगन्नानं ते बोथला नेलं, घरी ठेवलं आणि सकाळी परत आणलं. तरट कुठंतरी पडलं होतं, म्हणून घाटात त्यानं स्वतःचा मफलर गुंडाळला होता.

"याचं टिकट मी काढलं," तो म्हणाला. "हाफ."

त्यानं खिशातून तिकीट काढून दाखवलं. खरंच हाफ.

राजय्यानं ते रोप फाटकाजवळच्या खड्ड्यात बसवलं, माती दाबली, आणि मफलर सोडायला हात घातला तोच जीप आली. पोचव्वा पुढं होऊन म्हणाली, "वद्दु रा!" म्हणजे नको रे. आताच थंडीतून आलंय, राहू दे. आईला मागं ओढावं की साहेबाला नमस्कार करावा, या गडबडीत राजय्या नमस्कार करून मोकळा झाला आणि मफलर तसाच राहिला.

मोठे साहेब आले, हिरवळ बघितली, विटा बघितल्या, चुन्याचे दगड बघितले. ज्यासाठी आम्ही जिवाचं रान केलं त्या एकोणीस आयांवरून त्यांची नजर नुसती फिरून गेली. कुठून आल्या, कशा आल्या, काही नाही. परत जाताना फाटकाशी थांबले.

"इसको मफलर किसने पहनाया?"

वसाहतीचे साहेब राजय्याकडे बघायला लागले. राजय्या जमिनीकडे. मी भिंतीआड. आणि पोचव्वा सरळ पुढं येऊन, जशी एखाद्या बापाला त्याच्या नव्या बाळाबद्दल सांगते तशी, म्हणाली, "दानिकि चली, सार."

त्याला थंडी वाजते, साहेब.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मफलराकडे बघितलं. मग हसले, चांगले पोट धरून हसले. विचारलं, "माली कौन है यहाँ का?" वसाहतीच्या साहेबांनी राजय्याला पुढं ढकललं. मोठ्या साहेबांनी त्याचं नाव विचारलं, किती वर्षं काम करतो ते विचारलं. आकडा ऐकून हसू थांबलं. "अभी तक रोजंदारी?" एवढंच म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

एवढंच. एवढ्यानं काही होतं का? मला काही माहीत नव्हतं. मी दोन-चार दिवसांनी आया घेऊन कोळशाच्या लॉरीतून परत आले. वीसपैकी सतरा जगल्या. ज्या तीन गेल्या, त्यांच्यासारखा लाल रंग मला पुन्हा कधी मिळाला नाही. त्याची हळहळ अजून आहे. मफलर मात्र पोचव्वानं ठेवून घेतला होता, झोपलेल्या काड्यांना रात्री बांधायला. त्या हिवाळ्यात लिंगन्ना कानाला रुमाल बांधून हिंडला आणि दर फेरीला माझ्यापुढं बस हळू करून खिडकीतून ओरडायचा, "मोक्कलम्मा, ना मफलर?" म्हणजे, माझा मफलर कुठं?

पुढं उगादी आली. उन्हं कडक झाली होती. एका दुपारी बस फाट्यावर चांगली थांबली, हळू नाही. लिंगन्ना उतरला. हातात मफलरात गुंडाळलेली एक फांदी. मी सोडून पाहिली. काडीच्या टोकाला झुबका फुटलेला, नखाएवढी पानं, ओली, लालभडक.

"राजय्या पर्मनंट," लिंगन्ना म्हणाला. "क्वार्टर मिळते. सगळ्या काड्या फुटल्या. अव्वानं निरोप दिला हाय."

"काय म्हनते अव्वा?"

"म्हनते, मोक्कलम्माले सांग, माह्या शेकानं फुटल्या."

मी ड्रायव्हरकडे बघितलं, तो हसत होता. बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. तिचंच खरं म्हटलं.

लिंगन्नानं मफलर झटकला, त्या भर उन्हात गळ्यात घातला, आणि नाक मुरडून म्हणाला, "कोळशाचा वास येऊन राह्यला." पण काढला नाही. तसाच बसमध्ये चढला आणि घंटी मारली.